एकतिशी

एका बाईंची ओळख करून द्यायची आहे. पूर्ण नाव दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. दमानं म्हणावं लागतं, आणि अर्ध्यावर सोडलेलं तिला खपत नाही. अंकांत लिहिली तर २१४७४८३६४७. दहा अंक, मोबाइल क्रमांकाएवढी लांबी. आपण तिला एकतिशी म्हणू, म्हणजे जीभही वाचेल आणि तिचं घराणंही लक्षात राहील.

तिचा जन्म समजून घ्यायला एक डबा पुरतो. एक जानेवारीला त्यात एक पैसा टाका. दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी चार, असे रोज आदल्या दिवसाच्या दुप्पट. पहिला आठवडा संपताना डब्यात एक रुपया सत्तावीस पैसे असतात आणि घरातलं कुणी ढुंकूनही पाहत नाही. एकतीस तारखेला रात्री मोजायला बसलात तर निघतात २ कोटी १४ लाख ७४ हजार ८३६ रुपये ४७ पैसे. तेवढे पैसे म्हणजे एकतिशी. गणिताच्या भाषेत, दोनाचा एकतिसावा घात वजा एक. तो वजा झालेला एक नजरेआड करू नका. तिचा सगळा तोरा त्या एकावर उभा आहे.

दिसायला ती चारचौघींसारखी. दशमान पद्धतीतले तिचे दहा अंक पाहून रस्त्यात कुणी वळून बघणार नाही. पण द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त शून्य आणि एक वापरून लिहिलीत, की नूर पालटतो. ओळीनं एकतीस एक, मध्ये नावालाही शून्य नाही. संगणकाचा सगळा कारभार द्विमानात चालतो. म्हणूनच माणसांच्या गर्दीत हरवणारी ही बाई यंत्रांच्या दरबारात एकदम उठून दिसते.

स्वभाव हट्टी. किती हट्टी, ते शेजाऱ्यांकडे पाहिलं की कळतं. तिच्या अलीकडे राहते २१४७४८३६४६. ती इतकी मनमिळाऊ की २, ७, ११, ३१, १५१, ३३१ हे सगळे तिला भागतात, आणि ३ तर दोनदा भागतो. पलीकडे राहते २१४७४८३६४८. ती म्हणजे एकतीस वेळा दोन, अर्धी करत जा आणि थेट एकापर्यंत उतरा. या दोन मोकळ्या स्वभावाच्या शेजारणींच्या मधोमध आमची बाई दाराला कडी लावून बसलेली. एक आणि ती स्वतः, यांखेरीज कुणालाही भाग जायला तयार नाही. मूळ संख्या म्हणतात ती हीच जात.

घराणं मर्सेन. मारँ मर्सेन हा सतराव्या शतकातला पॅरिसचा धर्मगुरू आणि गणिताचा मोठा शौकीन. दोनाच्या घातातून एक वजा केल्यावर मिळणाऱ्या मूळ संख्यांना त्याचं नाव पडलं. ३, ७, ३१, १२७, ८१९१, १३१०७१, ५२४२८७, आणि मग आठवी आमची एकतिशी. घराण्यात शिरायला अट अशी की घात स्वतः मूळ असला पाहिजे. पण अट पाळली म्हणून प्रवेश मिळतोच असं नाही. अकरा मूळ आहे. तरी दोनाचा अकरावा घात वजा एक म्हणजे २०४७, आणि ती २३ गुणिले ८९ अशी फुटते.

एकतिशीच्या तरुणपणी तिच्याभोवती संगत चांगली नव्हती. पिएत्रो कातालदी या इटालियन गणितज्ञानं घराण्यातल्या सहाजणींची ग्वाही दिली होती: घात १७, १९, २३, २९, ३१ आणि ३७. पहिल्या दोघींची त्यानं खरोखर तपासणी केली होती. उरलेल्या चौघींना नुसत्या भरवशावर पंगतीला बसवलं. १६४० मध्ये फर्मा या गणितज्ञानं २३ वाली आणि ३७ वाली यांना उठवलं. १७३८ मध्ये लिओनार्ड ऑयलर या गणितज्ञानं २९ वालीला २३३ नं भागून दाखवलं. चौघींपैकी तिघी खोट्या निघाल्या. चौथी आपली एकतिशी, तशीच ताठ बसून. मर्सेननं १६४४ मध्ये स्वतःची यादी छापली, तीत एकतिशीचं नाव होतं. पण त्या यादीत ६७ आणि २५७ या घातांच्या दोन तोतयाही होत्या, आणि ६१, ८९, १०७ या खऱ्या वारसांना जागाच नव्हती. अशा यादीतल्या नावाला पुरावा कोण म्हणणार?

पुरावा मिळाला १७७२ मध्ये. ऑयलर तेव्हा पासष्टीचा, सेंट पीटर्सबर्गमध्ये राहणारा, दृष्टी जवळजवळ पूर्ण गेलेली. गणितज्ञांच्या बर्नुली घराण्यातल्या एकाला लिहिलेल्या पत्रात त्यानं कळवलं की दोनाचा एकतिसावा घात वजा एक ही मूळ संख्या आहे. डोळ्यांना दिसत नसताना दहा अंकी बाईची झडती घ्यायची, तर झडतीची रीतच हुशारीची हवी. ऑयलरची रीत तशी होती.

सरळ मार्गानं जायचं तर तिच्या वर्गमुळापर्यंतच्या, म्हणजे ४६,३४० पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहावं लागतं. त्या भरतात सुमारे ४८००. पण एकतिशीच्या दाराशी कुणीही उठून उभं राहू शकत नाही, असे तिचे नियम कडक. तिला भागू पाहणाऱ्या मूळ संख्येला ६२ नं भागलं तर बाकी १ उरलीच पाहिजे, आणि ८ नं भागलं तर १ किंवा ७. दोन्ही अटी एकत्र केल्या की २४८ नं भागून १ किंवा ६३ उरणारेच उमेदवार शिल्लक राहतात. असे आकडे पावणेचारशेच्या आत, आणि त्यांतल्या मूळ संख्या तर शंभराच्याही आत. ३११ च्या खालच्या एकाही मूळ संख्येला तिच्या उंबरठ्यावर पाऊल टाकायची परवानगी नाही. उरलेल्यांना एकेक करून आत पाठवलं. एकही यशस्वी झाला नाही.

मग काय विचारता! त्या दिवसापासून ती माणसाला ठाऊक असलेली सर्वांत मोठी मूळ संख्या ठरली, आणि ऐंशीहून अधिक वर्षं तो मान कुणी हिरावला नाही. एवढ्यावर थांबेल तर ती एकतिशी कसली. दोनाच्या तिसाव्या घाताला हाताशी धरून तिनं एक परिपूर्ण संख्याही उभी केली: २३०५८४३००८१३९९५२१२८. परिपूर्ण म्हणजे स्वतः सोडून बाकी सगळ्या विभाजकांची बेरीज नेमकी स्वतःएवढी, जशी ६ ची १ अधिक २ अधिक ३. युक्लिडच्या काळापासून अशा संख्यांचा शोध चालू आहे. एकोणीस अंकांची ही लेक त्या रांगेतली आठवी.

१८११ मध्ये इंग्लंडच्या पीटर बार्लोनं या लेकीबद्दल भाकीत केलं. याहून मोठी परिपूर्ण संख्या बहुधा कधीच सापडणार नाही, कारण या नुसत्या कुतूहलाच्या वस्तू आहेत, उपयोगाच्या नाहीत. पुढे जाण्याचे कष्ट कोण घेईल? माणसाच्या कुतूहलाचा अंदाज बार्लोला आला नाही. मर्सेन घराण्यातल्या आणखी कितीतरी जणी सापडल्या, आणि प्रत्येकीबरोबर एकेक परिपूर्ण संख्याही आली. ऑक्टोबर २०२४ मध्ये सापडलेल्या मर्सेन मूळ संख्येला तर ४ कोटी १० लाखांहून अधिक अंक आहेत. आणि उपयोगाचं म्हणाल, तर एकतिशीनं विसाव्या शतकात सरळ नोकरी धरली.

नोकरी राखणदाराची. संगणकात पूर्णांक ठेवायचा नेहमीचा खण ३२ बिटांचा. त्यातलं पहिलं बिट चिन्हासाठी राखीव, अधिक की उणे ते सांगायला. उरली एकतीस. त्या सगळ्यांत एक भरला की मिळते खणात मावणारी सर्वांत मोठी संख्या, म्हणजे आमची बाई. वेशीवर ती उभी असते. तिच्यापर्यंत कितीही मोजा, ती हूं का चूं करत नाही.

मात्र तिच्यात एक मिळवलात की तिचा राग पाहावा. उजव्या टोकाला हातचा एक येतो, एकतीसच्या एकतीस एक धडाधड शून्य होतात, आणि हातचा थेट चिन्हाच्या बिटात जाऊन बसतो. यंत्र वाचतं: उणे २१४७४८३६४८. क्षणापूर्वी दोनशे चौदा कोटींचा धनी असलेला माणूस पुढच्या क्षणी तेवढ्याच कर्जात. मधली पायरी नाही, पूर्वसूचना नाही. तिचा एवढा एक दोष मान्य करायलाच हवा.

नवख्या प्रोग्रॅमरशी तिची पहिली भेट बहुधा अशीच होते. तो लोकांचे मोबाइल क्रमांक साठवायला साधा पूर्णांकाचा रकाना करतो. आपल्याकडचे मोबाइल क्रमांक ६, ७, ८ किंवा ९ नं सुरू होतात, म्हणजे सगळेच्या सगळे हिच्याहून मोठे. काही डेटाबेसांची रीत अशी असते की न मावणारी संख्या आली की मावेल ती सर्वांत मोठी लिहून मोकळं व्हायचं. संध्याकाळी यादी उघडावी तर काकांचा, मामांचा, दूधवाल्याचा आणि डॉक्टरांचा नंबर एकच: २१४७४८३६४७. अमेरिकेत तर हा घोळ पटकन ध्यानातही येत नाही, कारण २१४ हा टेक्सासमधल्या डॅलसचा विभाग क्रमांक आहे आणि बाईंचं नाव अस्सल टेलिफोन नंबरासारखं दिसतं.

कधी कधी ती जगाच्या चव्हाट्यावर येते. कोरियन गायक साय याचं ‘गंगनम स्टाइल’ लोकांनी इतक्या वेळा पाहिलं की डिसेंबर २०१४ मध्ये यूट्यूबला जाहीर करावं लागलं: ३२ बिटांत मावण्याच्या पुढे एखाद्या चित्रफितीची मोजणी जाईल असं वाटलं नव्हतं. मोजणी ६४ बिटांच्या खणात हलवली गेली. एका नाचाच्या निमित्तानं कित्येकांनी तिचं नाव पहिल्यांदा वाचलं.

२०१५ चा किस्सा जास्त गंभीर. अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकानं बोइंग ७८७ विमानांसाठी आदेश काढला: विमानाची वीज सलग २४८ दिवस चालू राहिली तर जनित्रांचं नियंत्रण करणाऱ्या यंत्रणेतला मोजणारा आकडा ओसंडेल आणि विमानाचा वीजपुरवठा बंद पडू शकेल, म्हणून ठरावीक मुदतीनं वीज बंद करून पुन्हा चालू करा. हा दोष प्रयोगशाळेतल्या चाचणीत सापडला होता. आता हिशेब करा. सेकंदाच्या शंभराव्या भागानं मोजत गेलं तर एकतिशी गाठायला लागतात साधारण दोनशे साडेअठ्ठेचाळीस दिवस. आकडा तोच. गंमत म्हणजे ऑयलरनं उमेदवार निवडायला वापरलेला भाजकही २४८ च होता. दोहोंचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही, पण बाईंना असे योगायोग जमवायची आवड दिसते.

तिची पुढची मोठी भेट ठरलेली आहे. असंख्य संगणक १ जानेवारी १९७० च्या ग्रीनिच मध्यरात्रीपासून सेकंद मोजत वेळ ठेवतात. जिथं ही मोजणी अजून ३२ बिटांच्या खणात चालते, तिथं मंगळवार, १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी एकतिशी दारात उभी राहील. पुढच्या सेकंदाला त्या यंत्राचं घड्याळ मागं फिरून डिसेंबर १९०१ मध्ये जाऊन पडेल. खण मोठे करण्याचं काम जगभर चालू आहे आणि बरंचसं झालंही आहे. उरतात ती कुठं कारखान्यात, कुठं भिंतीमागं, वर्षानुवर्षं कुणी न उघडलेली जुनी यंत्रं. त्यांच्यासाठी ही तारीख लिहून ठेवायला हवी.

इथं तिच्या बाजूनं एक गोष्ट ठासून सांगायला हवी. राखणदारीची नोकरी तिला मूळ संख्या म्हणून मिळालेली नाही. वेशीवर उभं राहायला नुसते एकतीस एक पुरतात. सोळा बिटांच्या खणाची राखणदार ३२७६७ ही ७, ३१ आणि १५१ यांच्यात सहज वाटली जाते, आणि तिचं काम त्यामुळे अडत नाही. लोक एकतिशीला ओळखतात ते तिच्या हुद्द्यावरून. तिचा स्वभाव कामाला येतो तो दुसरीकडे, आणि तिथं तिच्याविषयी आदर वाटल्यावाचून राहत नाही.

यंत्राला बेभरवशाच्या वाटणाऱ्या संख्या लागतात: खेळात फासे टाकायला, प्रयोगांत नमुने निवडायला. १९६९ मध्ये आयबीएमच्या यंत्रांसाठी एक कृती मांडली गेली आणि १९८८ मध्ये पार्क आणि मिलर यांनी ती किमान दर्जाचं माप म्हणून सुचवली. हातातल्या संख्येला १६८०७ नं गुणा, एकतिशीनं भागा, बाकी ठेवा. मग पुन्हा तेच. एकापासून निघालात तर १६८०७, मग २८२४७५२४९, मग १६२२६५००७३, आणि पुढे. हा फेरा एकपासून २१४७४८३६४६ पर्यंतच्या प्रत्येक संख्येला बरोबर एकदा भेटतो, आणि सगळ्या संपल्यावरच पुन्हा एकाकडे परततो. कुणाला वगळत नाही, कुणाकडे दोनदा जात नाही, शून्याच्या खड्ड्यात पडत नाही.

हे जमतं ते तिच्या न फुटण्यामुळे. ती मूळ आहे म्हणून बाकी कधी शून्य होत नाही. १६८०७ म्हणजे ७ चा पाचवा घात. नुसत्या ७ नं गुणत गेलं तरी हा पूर्ण फेरा होतोच. पाचवा घात घेतला तरी तो मोडत नाही, कारण अलीकडच्या त्या मनमिळाऊ शेजारणीच्या विभाजकांत ५ नाही. म्हणजे शेजारणीचा मोकळा स्वभाव आणि हिचा हट्ट, दोन्ही मिळून ही घडी बसते. सी प्लस प्लस या संगणक भाषेच्या प्रमाणित साहित्यात ही कृती आजही आहे. बार्लोला हे दाखवता आलं असतं तर फार बरं झालं असतं.

वंशावळ तिनं कौतुकानं सांगावी अशीच आहे. दोनाचा पाचवा घात वजा एक म्हणजे ३१, मूळ. दोनाचा एकतिसावा घात वजा एक म्हणजे ही, मूळ. आजोबा ५, वडील ३१, आणि तिसरी पिढी ही. आता तिचाच घात घेऊन पुढची पिढी काढली तर चौसष्ट कोटींहून जास्त अंकांचं अपत्य होतं. ते मात्र मूळ निघालं नाही. १९८३ मध्ये त्याचा विभाजक सापडला: २९५२५७५२६६२६०३१. आईचा कडकपणा पाहा, या विभाजकालाही एकतिशीच्या दुपटीनं भागलं तर बाकी एकच उरते. ऑयलरनं तिच्या दाराशी जो नियम लावला, त्यातली पहिली अट ती लेकाच्या घरातही पाळून घेते.

६४ बिटांचे खण रुळले की वेशीवरची तिची जागा ९२२३३७२०३६८५४७७५८०७ घेईल. बहुतेक ठिकाणी घेतलीही आहे. ही नवी राखणदार एकोणीस अंकांची, रुंद, ऐसपैस. पण सातानं भागलीत तर पूर्ण भाग जातो, आणि उत्तराला पुन्हा सातानं भागलंत तरी जातो. हुद्दा बदलत्या यंत्रांबरोबर जातो-येतो. न फुटण्याचा गुण १७७२ मध्ये सिद्ध झाला आणि त्याला निवृत्तीचं वय नाही.

तेव्हा तिला भेटायचं तर संगणकाच्या चुका होण्याची वाट पाहू नका, कागद घेऊन बसा. फ्रान्सच्या ल्युकास आणि अमेरिकेच्या लेमर यांनी भेटीची रीत घालून दिली आहे. ४ पासून सुरुवात करायची. वर्ग करायचा, २ वजा करायचे, संख्येनं भागून बाकी ठेवायची. आधी वडलांकडे जाऊन सराव करा: ३१ साठी १४, मग ८, मग ०, तीन पायऱ्यांत काम झालं. मग लेकीकडे या. तिच्यासाठी १४, १९४, ३७६३४, १४१६३१७९५४. इथपर्यंत भागाकारही लागत नाही. पाचव्या पायरीपासून ती खरी परीक्षा घेते आणि घाम काढते. एकोणतिसाव्या पायरीला बाकी शून्य आली की समजा, बाईंनी तुम्हाला ओळखीत घेतलं.